बहात्तरची थाळी पासष्टला

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक मेस आहे. मी रात्री तिथे जेवतो. काकूंना ठाऊक आहे की मी कॉलेजात अकाउंट्स शिकवतो, त्यामुळे ताटाशेजारी अधूनमधून एखादं बिल, एखादी नोटीस, बँकेचं एखादं पत्र येऊन पडतं. परवा वही आली.

कोपऱ्यावरच्या अभ्यासिकेने विचारलं होतं: स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी महिन्याला ६०० डबे द्याल का? भाव मात्र ६५ रुपये. काकूंची थाळी ८० ची. हिशेब काकूंचा भाचा बघतो. पोरगा टीवाय बीकॉमला आहे, टॅली येतं, अक्षर सुरेख. त्याने लाल पेनने लिहिलं होतं, ‘एका थाळीचा खर्च ७२. ६५ ला दिली तर डब्यामागे ७ रु. तोटा, महिन्याला ४,२००. मावशी, नाही म्हणून सांग.’

त्याचा ७२ चा आकडा अगदी बरोबर होता. सल्ला मात्र चुकला होता.

पोराला दोष देववत नाही, कारण आम्हीच तसं शिकवतो. ‘वित्तीय लेखांकन आणि व्यवस्थापकीय लेखांकन यांतील फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की मुलं पानाच्या मधोमध उभी रेघ मारतात. डावीकडे: सक्तीचं, बाहेरच्यांसाठी, झालेल्या व्यवहारांचं, पूर्ण धंद्याचं. उजवीकडे: ऐच्छिक, आतल्यांसाठी, पुढच्या काळाचं, एकेका विभागाचं. सगळे मुद्दे खरे असतात, मार्कही पडतात. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना डाळ-तांदूळ तेच आहेत, गॅसचं बिल तेच आहे. बदलतो तो विचारणारा. एकीकडे कुणी परका माणूस विचारतो, ‘तुमचा धंदा कसा चाललाय?’ दुसरीकडे मालक स्वतःलाच विचारतो, ‘आता काय करू?’ पहिल्याला द्यायचं उत्तर दुसऱ्याला दिलं की भाच्यासारखी गत होते.

आधी ७२ आले कुठून ते बघू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी थोडे गोल केले आहेत. महिन्याला ४,००० थाळ्या जातात. किराणा, भाजी, तेल, गॅस, शिवाय पोळ्या लाटायला येणाऱ्या बायकांना नगावर द्यायचे पैसे, असे थाळीमागे ४८ रुपये जातात. हा खर्च थाळीबरोबर वाढतो आणि थाळीबरोबर कमी होतो. दुसरा खर्च थाळ्या मोजत बसत नाही: जागेचं भाडं ४५,०००, दोन आचाऱ्यांचा पगार ३८,०००, लाईट-पाणी आणि किरकोळ १३,०००. एकूण ९६,०००. ते ४,००० थाळ्यांवर वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला २४ येतात. ४८ अधिक २४, झाले ७२. ऐंशीतून वजा जाता थाळीमागे ८ रुपये, म्हणजे महिन्याला ३२,००० नफा.

आता ६०० डबे जास्तीचे केले तर घरमालक भाडं वाढवणार आहे का? नाही. आचारी? तेच दोघे. भांडी आणि शेगड्या बघता महिन्याला ४,८०० थाळ्यांपर्यंत काही अडत नाही, हे काकूंनीच सांगितलं. म्हणजे जास्तीच्या डब्याचा खरा खर्च ४८ आणि पॅकिंग-पोचवण्याचे ५, एकूण ५३. मिळणार ६५. डब्यामागे १२ रुपये उरतात, महिन्याला ७,२००. भाच्याला जिथे ४,२०० चा तोटा दिसत होता, तिथे ७,२०० हातात येत होते.

भाच्याने भाडं-पगाराचे २४ रुपये नव्या डब्याच्या डोक्यावर टाकले. पण ते भाडं-पगार आधीच्या ४,००० थाळ्यांनी केव्हाच भरून टाकले आहेत. विक्रीच्या किमतीतून थाळीबरोबर बदलणारा खर्च गेल्यावर जे उरतं त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात, पाठ्यपुस्तकात अंशदान. काकूंच्या साध्या थाळीचं अंशदान ३२ रुपये. ९६,००० ला ३२ ने भागा: ३,०००. तीन हजाराव्या थाळीला भाडं-पगार वसूल होतात, नफा तिथून पुढे. मे महिन्यात पोरं गावी जातात आणि थाळ्या २,२०० वर येतात, तेव्हा २५,६०० चा खड्डा पडतो. तरी मेस चालू ठेवणंच बरं, कारण कुलूप लावलं तर भाडं, पगार, लाईट-पाणी मिळून सगळेच ९६,००० अंगावर येतात. वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात हे काही दिसत नाही. तिथे बारा महिन्यांची मिसळ होऊन एकच आकडा उरतो.

मग ७२ चा आकडा कशाला लागतो? परक्या माणसासाठी.

समजा काकूंना दुसरी शाखा काढायला कर्ज हवं आहे. बँकेचा अधिकारी कधी इथे जेवला नाही, काकूंना ओळखत नाही, ओळखायला त्याला वेळही नाही. त्याच्या टेबलावर अशा चाळीस फायली. त्याला दोन गोष्टी हव्यात: आकडे ठरलेल्या पद्धतीने काढलेले असावेत, म्हणजे शेजारच्या फायलीशी ताडून बघता येतील, आणि कर्ज मागणाऱ्याला ते मनासारखे वळवता आलेले नसावेत. वित्तीय लेखांकनाचे बहुतेक नियम या दोन गरजांतून निघाले आहेत. म्हणून कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची ३ मध्ये ताळेबंदात काय कुठल्या मथळ्याखाली दाखवायचं हे ठरवून दिलंय. शेजारी मागच्या वर्षाचा आकडा द्यावाच लागतो. कंपनीला हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं जपावी लागतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला तिमाही निकाल ४५ दिवसांत आणि वार्षिक निकाल ६० दिवसांत जाहीर करावे लागतात. आणि सगळ्यावर लेखापरीक्षकाची सही.

एवढं करूनही माणूस फसवू शकतो. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्सचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. शेअरवाल्यांनी, बँकांनी, नोकरीला लागलेल्या हजारो इंजिनिअरांनी विश्वास ठेवला होता तो त्या छापील आकड्यावर, कारण कंपनीत शिरून तिजोरी बघायची सोय त्यांच्यापैकी कुणालाच नव्हती. नियमांचा जाच वाटला की वर्गात मी हे उदाहरण देतो.

आतल्या हिशेबाला हा जाच नाही. काकूंनी स्वतःसाठी केलेला हिशेब वहीच्या मागच्या पानावर असो, नाहीतर गॅसजवळच्या कॅलेंडरवर, कुणी विचारणार नाही. अंदाजे आकडा चालतो. रुपयांऐवजी किलो चालतात, तास चालतात, ‘परत आलेली ताटं’ चालतात. कारखान्यात ५ तारखेला मागच्या महिन्याचा एमआयएस, म्हणजे आतल्यांसाठीचा आकड्यांचा अहवाल, साहेबांच्या टेबलावर लागतो. त्यात काही बिलं आलेली नसतात, काही तरतुदी अंदाजाने धरलेल्या असतात, पण पाच तारखेचा ढोबळ आकडा तीन महिन्यांनी येणाऱ्या बिनचूक आकड्यापेक्षा उपयोगी पडतो. स्वतःला फसवायचं ठरवलं तर तेही इथे सोपं आहे, तपासणारा कुणी नसतो. असो.

तेलाचं एक उदाहरण सांगतो, कारण दोन वह्यांमधला फरक मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. काकूंचा अंदाज असा: थाळीला २० ग्रॅम तेल, ४,००० थाळ्यांना ८० किलो, १४० रुपये भावाने ११,२००. महिनाअखेर प्रत्यक्षात ९० किलो गेलं, भाव पडला १५०, बिल झालं १३,५००. टॅलीत एक नोंद होईल: तेल, १३,५००. संपलं. वित्तीय लेखांकनाचं काम तिथे झालं आणि ते चोख झालं.

काकूंचं काम मात्र तिथून सुरू होतं. अंदाजापेक्षा २,३०० जास्त गेले, ते कुठे? भाव किलोला १० रुपयांनी चढला, ९० किलोवर त्याचे ९००. हे बाजाराचं, त्याला काकू काय करणार, फार तर दुकान बदलतील. उरलेले १,४०० हे दहा किलो जास्तीच्या तेलाचे, जुन्या भावाने. ते कढईतले आहेत. नवा आचारी फोडणीला हात सैल सोडतो की पुरीचा वार वाढलाय, की डबा गळतोय, हे बघायला स्वयंपाकघरात जावं लागतं. पुस्तकात याला भाव-विचरण आणि उपयोग-विचरण अशी भारदस्त नावं आहेत आणि सूत्रं पाठ करताना मुलं रडकुंडीला येतात. बाजाराचे किती आणि कढईतले किती, एवढंच त्यात आहे.

थाळीची एक सोय आहे: ती साठवता येत नाही. रात्री उरलं ते उरलं. वस्तू साठवता येऊ लागली की दोन्ही हिशेबांतली गंमत वाढते, आणि धोकाही. तेव्हा मेसमधून जरा कारखान्यात जाऊ.

एक पंप बनवणारा कारखाना धरा. भाडं, पगार, यंत्रांचा घसारा असा स्थिर उत्पादनखर्च महिन्याला १० लाख. कारखान्याची नेहमीची क्षमता २,००० पंप. या महिन्यात बाजार थंड, १,००० च पंप विकले जाणार. मॅनेजर शहाणा असेल तर १,००० बनवेल. मग दहाच्या दहा लाख या महिन्याच्या नफ्यातून वजा होतील. दुसरा मॅनेजर २,००० बनवतो. १,००० विकतो, १,००० गोदामात रचतो. आता स्थिर खर्च दोन हजारांवर वाटला गेला, पंपामागे ५०० रुपये. विकलेल्या पंपांबरोबर ५ लाख खर्चात गेले आणि उरलेले ५ लाख न विकलेल्या पंपांच्या अंगावर चढून ताळेबंदात मालसाठा म्हणून जाऊन बसले. विक्री तेवढीच, ग्राहक तेवढेच, पण नफा ५ लाखांनी जास्त. गोदामात धूळ खात पडलेल्या पंपांनी नफा वाढवला!

ही लबाडी नाही, हा नियम आहे. मालसाठ्याचं लेखामानक सांगतं की तयार मालाच्या किमतीत स्थिर उत्पादनखर्चाचा वाटा धरलाच पाहिजे, आणि साठा दाखवताना मूळ खर्च आणि विकून निव्वळ हाती येईल ती रक्कम यांतली कमी असेल ती घ्यायची. बाहेरच्या माणसाच्या दृष्टीने यात तर्क आहे: पंप पुढच्या महिन्यात विकला जाईल तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा खर्चही दिसावा. पण मॅनेजरचा बोनस या नफ्यावर ठरत असेल तर तो काय करेल, सांगायला नको. म्हणून आतल्या हिशेबात बरेच कारखाने मार्जिनल कॉस्टिंगने बघतात. दहा लाख हे या महिन्याचे, ते याच महिन्यात जाणार, पंप किती का बनवा. तिथे गोदाम भरून शाबासकी मिळत नाही. एकाच महिन्याचे, एकाच कारखान्याचे दोन नफे आणि दोन्ही खरे. सेमिस्टरच्या शेवटी पाचेक मुलांच्या चेहऱ्यावर हे उमटतं, बाकीच्यांना नोकरी लागल्यावर.

दोन्ही शास्त्रांची जन्मकथाही वेगळी आहे. व्हेनिसमधले व्यापारी जमा-नावेची दुहेरी पद्धत वापरत होते, ती लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली छापील पुस्तकात मांडली. भागीदाराला, सावकाराला दाखवायचा हिशेब तो. कॉस्टिंगची, म्हणजे वस्तूला किती खर्च येतो ते काढण्याची, गोष्ट बरीच नंतरची, कारखान्यांच्या काळातली. १७७२ साली इंग्लंडमध्ये मंदी आली आणि जोसाया वेजवुड या कुंभारकामातल्या बड्या उद्योजकाच्या फुलदाण्या पडून राहू लागल्या. प्रत्येक वस्तूला नेमका किती खर्च येतो हे शोधायला तो बसला. साचे, भाडं, कारकुनांचे पगार हे खर्च माल थोडा काढा की खूप, घड्याळाच्या काट्यासारखे चालूच राहतात, हे त्याने पत्रात लिहून ठेवलं. म्हणजे जास्त माल काढला तर नगामागे ते कमी पडतील आणि किंमत उतरवता येईल. काकूंच्या मेसचं गणित ते हेच. हिशेब उकरताना त्याला आपल्या मुख्य कारकुनाची अफरातफरही सापडली, तो वरकड फायदा.

उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ये-जा असते, हे मात्र उत्तरपत्रिकेत कुणी लिहीत नाही. ‘व्यवस्थापकीय लेखांकन ऐच्छिक’ हे साधारण खरं, पण कंपनी कायद्याच्या कलम १४८ नुसार सरकार ठरावीक उद्योगांतल्या कंपन्यांना परिव्ययाच्या, म्हणजे उत्पादनखर्चाच्या, नोंदी ठेवायला आणि काहींना त्यांचं ऑडिट करून घ्यायला लावू शकतं. औषधं, खतं, वीज, साखर हे उद्योग त्या यादीत आहेत. (आपल्याकडचे बरेच साखर कारखाने सहकारी, ते या कायद्याखाली नोंदलेले नाहीत, तो विषय वेगळा.) उलट दिशेनेही तसंच. मोठ्या कंपन्या वार्षिक अहवालात व्यवसायाच्या विभागांचे आकडे वेगवेगळे देतात. त्याच्या भारतीय लेखामानकात, इंड एएस १०८ मध्ये, विभाग कसे पाडायचे याचं उत्तर असं आहे: आत निर्णय घेणारा वरिष्ठ ज्या विभागणीने आकडे बघतो, तीच बाहेर दाखवा.

करिअरचा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून तेही उरकतो. बाहेरच्या हिशेबावर सही करणारी सीएची संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. परिव्यय लेखापालांच्या संस्थेचा कायदा १९५९ चा. पूर्वी त्यांना आयसीडब्ल्यूए म्हणत, आता सीएमए म्हणतात. गोंधळ इथे होतो: अमेरिकेतल्या एका संस्थेची परीक्षाही सीएमए याच नावाची आहे, ती दोन भागांची, आणि क्लासच्या जाहिरातीत दोन्ही एकाच फलकावर असतात. भारतात कॉस्ट ऑडिटवर सही करायची असेल तर भारतीय संस्थेचंच सभासद व्हावं लागतं. फी भरण्याआधी कुठली ते विचारा. आणि सीए करणाऱ्यांनी कॉस्टिंगला नाक मुरडू नये, इंटरमीजिएटला तो पेपर आहेच.

आता काकूंकडे परत. मी ७,२०० चा हिशेब वहीत मांडून दाखवला. भाचा शेजारी उभा होता, त्याचे कान लाल झाले. मग त्यानेच विचारलं, ‘सर, पण आपलेच मेंबर त्या अभ्यासिकेत जातात. त्यांनी इथलं बंद करून तिथला डबा लावला तर?’

हा प्रश्न माझ्या लक्षात आला नव्हता. आम्ही परत वही उघडली. आपला मेंबर तिकडे गेला की थाळीमागे ३२ रुपयांचं अंशदान जातं. ७,२०० भागिले ३२, म्हणजे २२५ थाळ्या. रविवारी मेस बंद, त्यामुळे एक मेंबर महिन्याला ५२ थाळ्या जेवतो. चार मेंबर गेले तरी थोडं काही उरतं, पाचवा गेला की सगळं मुसळ केरात. पाऊणशेच्या वर मेंबर आहेत, त्यातले पाच! ज्या ऑर्डरला मी पाच मिनिटांपूर्वी ‘घ्याच’ म्हणत होतो ती आता काठावर आली. याची नोंद टॅलीत कुठल्याही लेजरला होणार नाही, कारण व्यवहार झालेलाच नाही. न झालेल्या व्यवहारांचा हिशेब करणं हा व्यवस्थापकीय लेखांकनाचा निम्मा धंदा आहे.

तेवढ्यात मी आणखी एक खडा टाकला. ‘काकू, या ३२ हजारांत तुमचा पगार किती आणि नफा किती?’ त्या पहाटे पाचला येतात, रात्री साडेदहाला जातात. भाच्याच्या पुस्तकात काकूंचा पगार शून्य आहे आणि ते नियमाला धरून आहे. एकटीच्या मालकीच्या धंद्यात मालकिणीने घेतलेले पैसे म्हणजे उचल, खर्च नव्हे. पण काकूंनी हेच काम दुसऱ्याच्या हॉटेलात केलं असतं तर महिन्याला काय मिळालं असतं? त्यांनी एक आकडा सांगितला. तो ३२,००० पेक्षा फार लांब नव्हता. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

मग काकूंनी वही मिटली. म्हणाल्या, ‘डबे देते सर, पण त्यात पोळ्या. गरम भाकरी आणि ताक इथे बसून जेवेल त्यालाच. बघू कोण जातं ते.’

भाच्याने वहीच्या मागच्या पानावर नवा रकाना आखला. वर लिहिलं: ‘अभ्यासिकेत गेलेले मेंबर’. खाली एक ते पाच आकडे टाकून चारच्या खाली लाल रेघ मारली.